सव्वा महिन्याची बाज

लेकीला मुलगी झाली त्याच दिवशी इंदूबाईने शेजारणीकडून बाज मागून आणली. तिची दोरी ओढून घट्ट केली, ती उन्हात तापवली आणि कुहीच्या आपल्या दोन खोल्यांतल्या आतल्या खोलीत मांडली. बाजेखाली शेगडी ठेवली, शेगडीत ओव्याची धुरी. मग लेकीच्या कपाळाला फडकं बांधत तिने बजावलं, "आता सव्वा महिना पाय खाली टाकाचा नाही. पान्याचा गिलासही मी देईन. तू फकत पोरीले पाज आन पडून राह्य."

"माय, मी का मालगुजाराची सून आहो?" प्रेमिला हसली.

"त्यायच्यापेक्षा मोठी आहेस. त्यायच्या सुना सातवीही पास नोयत्या."

प्रेमिला नागपुरात महापालिकेच्या शाळेत शिकवत होती. तिचा नवरा रविंद्र बी.एस्सी. होऊन एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होता. दर रविवारी तो एस.टी.ने कुहीला यायचा, मुलीला मांडीवर घ्यायचा, सासूचे डिंकाचे लाडू खायचा आणि शेवटच्या गाडीने परत जायचा. दुसऱ्या रविवारी तो आला तेव्हा प्रेमिलाने पातळ थोडं वर सारून त्याला डावा पाय दाखवला.

मांडीपासून घोट्यापर्यंत पाय सुजला होता. कातडी ताणून चकाकत होती आणि तिचा रंग पांढुरका झाला होता. त्याने बोटाने दाबून पाहिलं. खळगा पडला आणि तो लवकर भरेना. घरात शिवणाचा टेप होता. तो घेऊन त्याने दोन्ही पोटऱ्या मोजल्या आणि खात्री करायला पुन्हा एकदा मोजल्या.

"वारं लागलं," इंदूबाई म्हणाली. "मी म्हटलं होतं, खिडकी लावा."

"वारं दोन्ही पायांले लागलं असतं, मामी."

"तुमच्या कालेजात वाऱ्याचंही शिकवते काय गा?"

तो तसाच गावातल्या डॉक्टरांना बोलवायला गेला. डॉक्टरांनी पाय पाहिला, पोटरीला हलकेच हात लावला आणि चिठ्ठी वगैरे लिहीत न बसता जीप कोणाची मिळते ते बघायला स्वतःच बाहेर पडले. तेव्हा मात्र इंदूबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

नागपूरच्या दवाखान्यात डॉ. सोनटक्के म्हणून एक तरुण सर्जन होते. रक्तवाहिन्यांचं काम मुंबईला शिकून ते नुकतेच आले होते. पायातली मोठी शीर रक्ताच्या गाठीने भरली आहे, जांघेपासून वर ओटीपोटापर्यंत, असं त्यांनी सांगितलं. पूर्वी अशा वेळी पाय उंच बांधून औषध देत आणि वाट पाहत. आता दुसरा उपाय होता. त्यांनी एका लांब काचेच्या नळकांड्यातून बारीक रबरी नळी काढली. बॉलपेनच्या रिफिलीहून ती किंचितच जाड होती. पिचकारीने त्यांनी तिच्यात पाणी सोडलं, तर टोकाशी बोराएवढा फुगा फुगला.

"जांघेत एवढासा छेद घ्यायचा," त्यांनी बोटाच्या दोन पेरांनी माप दाखवलं. "आत जाताना फुगा मिटलेला असतो. गाठीच्या पलीकडे गेला की फुगवायचा आणि हळूहळू मागे ओढायचा. गाठ त्याच्यापुढे ढकलली जाऊन छेदातून बाहेर येते. खालच्या पायातली गाठ पट्टा आवळत वर आणायची."

रविंद्रने फुग्याला बोट लावून पाहिलं. "ओढताना एखादा तुकडा सुटून वर गेला तर?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तर तो हृदयातून फुफ्फुसात जातो. माणूस दगावतो. म्हणून पूर्ण भूल देत नाही. मी ओढायला लागलो की त्यांनी श्वास कोंडून पोटात जोर लावायचा, म्हणजे तेवढा वेळ रक्त वर जात नाही."

"इथं किती केलेत असे?"

"या तिसऱ्या."

"आधीचे दोघं?"

"एक चालतोय. एकाचा पाय पुन्हा सुजला."

या खऱ्या उत्तरामुळेच रविंद्रचा त्यांच्यावर विश्वास बसला. त्याने सही केली.

ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं. डॉक्टरांनी त्याला आत बोलावून स्टीलच्या ट्रेमध्ये निघालेली गाठ दाखवली. करवंदाच्या रंगाचा, शेवग्याच्या शेंगेसारखा लांब, मऊ तुकडा होता तो, आणि त्याला दोन-तीन फाटे होते. ज्या शिरेत तो वाढला, तिचा जसा साचाच काढून ठेवला होता. एका टोकाला तो पांढरट होता, तिकडून तो जुना. अशी वस्तू बायकोच्या अंगात होती याची भीती वाटण्याआधी त्याला तिचं नवल वाटलं आणि त्याची त्याला लाज वाटली.

संध्याकाळी प्रेमिला खाटेवर उशीला टेकून होती. पाय वर उचलून ठेवलेला, बोटांच्या मुळापासून मांडीपर्यंत इलॅस्टिकच्या पट्ट्याने गुंडाळलेला.

"पुन्हा बाळंत झाली मी," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणून राहिले, जोर लावा, जोर लावा. मी म्हटलं, बाप्पा, जुळं होतं का काय?"

"ट्रेमध्ये पाहिलं मी. तुझ्यावर गेलं नाही."

ती हसली, मग टाका दुखला म्हणून थांबली. पायाची सूज ओसरू लागली होती. दुसऱ्या सकाळी तर पट्टा सैल झाला म्हणून सिस्टरने पुन्हा आवळून बांधला.

त्याच सकाळी डॉ. सोनटक्क्यांनी खाटेशी उभं राहून सगळं समजावून सांगितलं. "आजपासून यांना उठवायचं. दर दोन-तीन तासांनी वॉर्डात एक फेरी. बसून पाय लोंबत ठेवायचा नाही. एकतर चालायचं, नाहीतर पाय उंच ठेवून झोपायचं. रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शन चालू आहे, पण नुसत्या त्यावर भागणार नाही. शीर आतून खरवडली गेली आहे. रक्त थांबलं की तिथेच पुन्हा गाठ धरेल. पोटरी हा पंप आहे असं समजा. तो चालू राहिला पाहिजे."

बायकांच्या वॉर्डात पुरुषांना सकाळ-संध्याकाळ भेटीच्या वेळेपुरतंच येऊ देत. प्रेमिलाजवळ राहणार होती इंदूबाई. म्हणून रविंद्रने डॉक्टरांचं सगळं बोलणं तिला पुन्हा सांगितलं. नात खांद्यावर घेऊन तिने ते ऐकलं. "हो," म्हणाली. त्याहून जास्त काही म्हणाली नाही.

"चालली?" संध्याकाळी त्याने विचारलं.

"चालली न. आताच फिरून आली, म्हणून डोळा लागला."

पुढच्या दिवशीही तेच. सिस्टर पुष्पलताला विचारलं तर ती दुसऱ्या खाटेची बाटली बदलता बदलता म्हणाली, "हो, आजी म्हणाल्या, दोन चकरा झाल्या. फार करतात हो तुमच्या सासूबाई. प्रत्येक पेशंटमागे अशी एक आजी मिळाली तर आम्हाला घरी जायला मिळेल." डॉ. सोनटक्के त्या दिवसापासून मुंबईला कसल्याशा परिषदेला गेले होते. त्यांच्या जागी आलेले डॉक्टर टाका पाहत, इंजेक्शनचं विचारत आणि पुढे जात.

प्रेमिला सुखात दिसत होती. केस विंचरलेले, कपाळाला फडकं, कानात कापूस. इंदूबाई तिला चमच्याने पेज भरवायची. शेजारच्या खाटेवरची रुखमाबाई नावाची म्हातारी एकदा म्हणाली, "आमच्या पोरीयले सांगा वं थोडं. आल्या का घड्याळ पाहतात." इंदूबाईच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद आला, तसा रविंद्रने लग्नाच्या मांडवातही पाहिला नव्हता.

मग एका संध्याकाळी पाय उशीवर नीट ठेवायला म्हणून त्याने प्रेमिलाची टाच हातात घेतली आणि तो थबकला. वॉर्डाची फरशी रोज फिनाइलने पुसत, तरी ती काळी ती काळीच. दाराशी चपला काढून खाटेपर्यंत येता येता त्याचे स्वतःचे तळवे मळले होते. प्रेमिलाच्या तळव्याखालचा पट्टा पांढरा स्वच्छ होता. टाचेखाली त्याची वीणसुद्धा दबलेली नव्हती.

त्याने पाय हळूच खाली ठेवला. "मामी, जरा बाहेर या."

व्हरांड्यात कोणी नव्हतं. इंदूबाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. तिने नाकारलं नाही.

"नाही उठवली मी तिले," ती म्हणाली.

"काहून? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"दिवाणजीही असंच म्हणे."

"कोण दिवाणजी?"

"मालगुजाराचा." ती कठड्याला धरून उभी होती. "धानाच्या रोवणीचे दिवस होते. प्रेमा झाली आन पाचव्या दिवशी तो दारात आला. म्हणे, इंदे, ऊठ, पडून राहिलं का आंग जड होते, चाललं-फिरलं का बरं वाटते. डॉक्टरासारखंच बोलला, पाहा न. मी गेली. बांधीत गुडघ्याएवढा चिखल. पोट्टी बांधीच्या धुऱ्यावर फडक्यात ठेवली. पाऊस पडे तिच्यावर. मी वाकली का खालून रगत जाये, आन चिखलात जाये म्हणून कोणाले दिसे नाही. माह्या बाजूच्या वाड्यात मालगुजाराची सून बाळंत झाली होती. तिले पान्याचा गिलास उचलू देत नोयते."

तिने कठड्यावरचा हात काढून पदर सावरला.

"छप्पन साली दीक्षाभूमीवर गेली मी, प्रेमा काखेत होती. तवा ठरवलं, हिले शाळेत टाकीन आन हिचं बाळंतपण असं करीन का सव्वा महिना जमिनीले पाय नाही लागला पायजे. गरिबाच्या बाईले सगळे उठवाले येतात, जवाईबापू. निजू कोणीच देत नाही."

तिला पंपाचं सांगावं, शिरेचं सांगावं, ट्रेमधल्या त्या तुकड्याचं सांगावं, असं रविंद्रच्या मनात आलं. पण समोर ती अशी उभी होती की ते सगळं तिला दिवाणजीचंच बोलणं वाटलं असतं. तो आत गेला.

प्रेमिलाने डोळे मिटले होते, पण ती जागी होती. "समजलं तुम्हाले?" तिने हळूच विचारलं.

"तुलाही समजत नाही का?"

"समजते. माय झोपली का मी घोटा फिरवते, बोटं हलवते. तिच्यादेखत नाही उठत. तुम्ही पाहून राहिले न, कशी दिसते ती आजकाल? एवढी खूश मी तिला माझ्या नोकरीच्या दिवशी नाही पाहिली." तिने त्याचं बोट धरलं. "दोन दिवस. तेवढं द्या तिला. मग चालीन मी, शाळेच्या पोरांची कवायत घेते तशी."

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. तो तिथूनच सिस्टरकडे जाऊ शकला असता. तो गेला नाही. घरी सायकल मारताना त्याने स्वतःला समजावलं, इंजेक्शन चालू आहे, घोटा ती फिरवते आहे, परवा रविवार आहे. सकाळी भेटीची सबंध वेळ आपण जवळ राहू आणि आपल्या हाताने चालवू.

रविवारी तो घंटेबरोबर आत शिरला. इंदूबाई लंगोट धुवायला मागच्या नळावर गेली होती. प्रेमिलाच्या डाव्या पायाची बोटं त्याला किंचित फुगल्यासारखी वाटली. पट्टा आवळला गेला असेल, असं त्याला वाटलं.

"चल," तो म्हणाला. "माय यायच्या आत."

"चोरून फिरायला नेऊन राहिले काय बायकोला?" प्रेमिला उठून बसली. तिने पाय खाली सोडले, फरशीच्या गारव्याने खांदे आक्रसले आणि त्याच्या दंडाला धरून उभी राहिली. "बाप्पा, केवढी उंच झाली मी."

पलीकडच्या खाटेवरून रुखमाबाई म्हणाली, "चालली वं, चालली मास्तरीणबाई."

खिडकीपर्यंत ती दोघं एकेक पाऊल टाकत गेली. बाहेर अंगणात कडुनिंबाखाली कोणाची तरी माणसं डबे उघडून बसली होती. प्रेमिला गजांना धरून ते पाहत राहिली. "मला भज्यांचा वास येतो आहे," ती म्हणाली. "माय देत नाही. म्हणते, लेकराच्या पोटात दुखीन."

"मी आणतो."

"आणा. मायला म्हणा, डॉक्टरनंच—" ती थांबली. "दम लागला मला."

"बस जरा."

"नाही, असं नाही, थांबा..." तिने छातीवर हात ठेवला. तिच्या चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा आश्चर्य जास्त होतं, कोणी अवघड प्रश्न विचारला तर यावं तसं. मग तिचं सगळं वजन त्याच्या दंडावर आलं. ओठ निळे पडले. त्याने तिला खाली निजवलं, हाक मारली, सिस्टर धावत आली, प्राणवायूची नळी आली, छाती दाबणारे डॉक्टर आले. पिळलेल्या लंगोटांची बादली घेऊन इंदूबाई दारात आली तेव्हा लेक फरशीवर होती आणि माणसं तिच्याभोवती गुडघे टेकून बसली होती. थोड्या वेळाने ती माणसं एकेक करून उठली.

दुपारी डॉ. सोनटक्के स्टेशनवरून थेट दवाखान्यात आले. कागद पाहिले, सिस्टरशी बोलले. इंदूबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. डॉक्टर समोर आले तशी ती उठली.

"मी निजवली होती तवा चांगली होती," ती म्हणाली. "तुम्ही सांगतलं, चालवा. ह्यायनं चालवली. चालवली आन मेली."

"नाही, आजी. चालल्यामुळे असं होत नाही," डॉक्टर म्हणाले. "उलट इतके दिवस त्या—"

"डॉक्टरसाहेब," रविंद्र मध्ये बोलला. "राहू द्या. मी उठवलं तिला. माझं चुकलं."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग इंदूबाईकडे, तिच्या खांद्यावरच्या मुलीकडे. त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

नंतर जिन्यात त्यांनी त्याला गाठलं. "तुम्हाला ठाऊक आहे ना, काय झालं ते?"

"पडून राहिल्याने पुन्हा गाठ झाली. उठल्यावर ती सुटली."

"हो."

"पहिल्या दिवसापासून चालली असती तर?"

"खात्रीने वाचली असती असं मी म्हणणार नाही. रोज चालणाऱ्यांचंही असं झालेलं आहे. पण शक्यता बरीच होती."

रविंद्रने मान हलवली. उत्तर खरं होतं आणि त्याला दुसरं नको होतं.

मुलगी दुधावरची होती. इंदूबाईने ती कुहीला नेली आणि कोणी काही विचारलं नाही. रविंद्र दर रविवारी जात राहिला. इंदूबाई त्याला पाणी द्यायची, ताट वाढायची, बोलायची नाही. गावातल्या बायका तो येताना दिसला की पदराआड कुजबुजायच्या. बाळंतिणीला फरफटत चालवून मारणारा जावई हाच, हे साऱ्या आळीला ठाऊक होतं. हा दोष आपण अंगावर घेतला आहे, तर तो वाहिलाच पाहिजे, असं त्याने मनाशी धरलं होतं. दुसऱ्या लग्नाचं त्याच्या भावाने दोनदा काढलं, तेव्हा तो प्रयोगशाळेच्या कामाचं सांगू लागला.

मुलगी पाच वर्षांची झाली. आईसारखी बोलायची, आधी प्रश्न विचारून मग उत्तर ऐकून न घेणारी. नागपुरात घराजवळ एक बरी शाळा होती. रविंद्र हेडमास्तरांना भेटून आला होता, शेजारच्या मावशी दुपारी तिला सांभाळायला तयार होत्या. त्या रविवारी तो मनात वाक्यं जुळवतच एस.टी.तून उतरला. पोरीला माझ्याकडे द्या, एवढंच त्याला मागायचं होतं. पाच वर्षांत त्याने दुसरं काही मागितलं नव्हतं.

जेवायला बसल्यावर तो बोलणार, तोच इंदूबाई बोलली. इतक्या वर्षांनी तिचा आवाज आपल्याकडे वळलेला ऐकून तो दचकलाच.

"एक विचारू काय गा?"

"विचारा न, मामी."

"गावात नर्सबाई येऊन राहिली. बाळंतिणीयले सांगते, दुसऱ्याच दिवशी उठा, फिरा. नाहीतर म्हणे पायात रगत गोठते आन छातीत जाते." तिने भाताची पळी परातीत ठेवली. "देवाजीच्या सुनेले सांगत होती. मी आयकलं. तवापासून मले झोप नाही. तुम्ही शिकलेले आहा, खोटं बोलत नाही. प्रेमा उठली म्हणून गेली, का मी निजवून ठेवली म्हणून?"

मुलगी दोघांच्या मध्ये बसून भातात खड्डा करून वरण ओतत होती.

आता खरं सांगितलं तर? मुलगी त्याला मिळाली असती. इंदूबाईने स्वतःच तिचे कपडे बांधून दिले असते, त्याच्या पाया पडली असती. आणि मग या खोलीत एकटी बसली असती. आयुष्यात कोणाला तरी एकदा पोटभर विसावा दिला, त्यानेच लेक गेली, हे आठवत बसली असती.

"उठली म्हणून," रविंद्र म्हणाला. "मी उठवली म्हणून."

"मंग नर्सबाई?"

"ती साध्या बाळंतपणाचं सांगते. प्रेमिलाचं ऑपरेशन झालं होतं. तिचं वेगळं होतं. तुम्ही निजवली ते बरोबर केलं."

इंदूबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिने विश्वास ठेवला की नाही, हे त्याला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पदराने पुसलं आणि पळी उचलली.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "तुमचंच काम ते."

"हो."

तिने त्याच्या पानात भात वाढला. "पोरगी इथंच राहीन. इथल्याच शाळेत टाकीन मी."

"हो, मामी," रविंद्र म्हणाला आणि भात कालवू लागला.